सेल्स टीममध्ये नवे प्रयोग कसे रुजवायचे: सुरुवात बीटवरून

माळशिरस तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या एका अड्ड्यालगत पत्र्याचं किराणा दुकान होतं. आमचा सेल्समन दर बुधवारी तिथे जायचा. साबण, धुण्याची पावडर, शाम्पूच्या लडी अशी दीड-दोन हजारांची ऑर्डर व्हायची. एकदा मी त्याच्यासोबत बीटवर, म्हणजे त्याच्या त्या दिवसाच्या ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर, होतो. दुकानात शिरलो तर आमच्या मालाची फळी रिकामी आणि शेजारी दुसऱ्या कंपनीच्या लडी लटकलेल्या. बाहेर आल्यावर त्याने बिलबुक उलटं करून मागचा पुठ्ठा दाखवला. त्यावर पेन्सिलने तारखा लिहिलेल्या होत्या. मुकादम टोळीला ज्या दिवशी खर्ची, म्हणजे घरखर्चाचे पैसे, वाटतो, त्या तारखा. खर्ची शनिवारी मिळते, त्याच संध्याकाळी कोप्यांमधल्या (कामगारांच्या झोपड्यांमधल्या) बायका आठवड्याचं सामान नेतात, रविवारी दुपारपर्यंत फळी रिकामी होते आणि आपण उगवतो बुधवारी. हंगाम आहे तोवर ही बीट शुक्रवारी करू द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं होतं साहेब. दिवाळीच्या मीटिंगला. तुम्ही म्हणालात, आधी टार्गेटचं बोल."

मला ते आठवत नव्हतं. त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. त्या दिवसापासून माझी कामाची पद्धत बदलली, आणि हा लेख त्या बदललेल्या पद्धतीबद्दल आहे.

फिल्डवरच्या माणसांना नवं सुचत नाही, ही तक्रार मी बऱ्याच मॅनेजरांकडून ऐकतो आणि ती मला पटत नाही. रोज तीस-चाळीस काउंटर, म्हणजे दुकानं, फिरणाऱ्या माणसाला न सुचणं अशक्य आहे. त्याच्याकडे सुचलेलं करून बघायला जागा नसते. टार्गेटात जागा नसते, बीट प्लॅनमध्ये नसते, मीटिंगमध्येही नसते. ती जागा कशी काढायची, ते आता पायरीपायरीने सांगतो. माझा अनुभव रोजच्या वापराच्या वस्तूंच्या विक्रीतला, सोलापूर-सांगली-मराठवाडा भागातला आहे. तुमची टीम औषधांची असो, बियाणं-खतांची असो की पंपांची, तपशील बदलतील, रचना तीच राहील.

पायरी १: महिनाभर काही न बदलता बीटवर चला

साहेब बीटवर आला की बहुतेक वेळा तो तपासायला आलेला असतो. स्कीम सांगितली का, नवीन एसकेयू (मालाचा नवा प्रकार किंवा पॅक) टाकला का, पोस्टर लावलं का. सेल्समनही त्या दिवशी ठेवणीतली दुकानं दाखवतो. अशा भेटीतून काहीच हाती लागत नाही.

म्हणून पहिला महिना दर आठवड्याला एक दिवस एका सेल्समनसोबत पूर्ण बीट करा, पण काही सुधारू नका. दुकानात तुम्ही बोलू नका. ऑर्डर त्याला घेऊ द्या. तुमच्याकडे एक छोटी वही हवी आणि तिच्यात तीनच गोष्टी लिहायच्या: दुकानदाराने काय मागितलं जे आपल्याकडे नव्हतं, दुकानदार कशावर वैतागला, आणि सेल्समनने आपल्या मनाने काय केलं जे आपण त्याला कधी शिकवलं नव्हतं.

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. प्रत्येक जुन्या सेल्समनची स्वतःची एक युक्ती असते. कुणी दुकानदाराच्या मुलाला हाताशी धरून स्टॉक मोजून घेतो. कुणी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर मागच्या बिलाचा फोटो पाठवतो, म्हणजे सकाळी शेठ यादी करून बसलेला असतो. याला कुणी इनोव्हेशन म्हणत नाही, त्यामुळे ते एका माणसाच्या खिशातच राहतं.

गिऱ्हाइकाच्या कामाच्या जागी उभं राहिलं की काय दिसतं, याचं मला आवडणारं उदाहरण अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीचं आहे. ही कंपनी मुळात सँडपेपर विकायची. रिचर्ड ड्र्यू नावाचा तिचा प्रयोगशाळेतला तरुण मदतनीस सेंट पॉल शहरातल्या मोटारी रंगवणाऱ्या वर्कशॉपमध्ये सँडपेपरची चाचणी घ्यायला जायचा. तेव्हा दोन रंगांच्या मोटारींची फॅशन होती. एक रंग झाकायला लावलेला कागद काढताना ताजा रंगही निघून यायचा आणि कारागीर संतापायचे. ड्र्यू गेला होता सँडपेपर घेऊन, परत आला दुसऱ्याच अडचणीसह. त्यातून १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार झाली आणि कंपनीचा मार्गच बदलला. मधे त्याला हे सोडून मूळ कामाला लाग असंही वरून सांगण्यात आलं होतं. तो लागून राहिला म्हणून ती टेप झाली. सगळेच लागून राहत नाहीत, आणि आपल्या पुढच्या पायऱ्या त्या बाकीच्यांसाठी आहेत.

पायरी २: "आयडिया द्या" म्हणू नका, नेमकं विचारा

मीटिंगमध्ये "चला, सगळ्यांनी एकेक नवी कल्पना सांगा" म्हटलं की दोनच उत्तरं येतात: रेट कमी करा आणि स्कीम वाढवा. माणसांचा यात दोष नाही, प्रश्नच तसा आहे.

त्याऐवजी असे प्रश्न विचारा:

- मागच्या पंधरा दिवसांत कोणत्या दुकानाने सरळ नाही म्हटलं? त्याचे शब्द काय होते?
- तुझ्या बीटवर अशी कोणती तीन दुकानं आहेत जिथे तू जातोस पण बिल होत नाही? तरी जातोस कशासाठी?
- दिवसातला कोणता तास वाया जातो?
- आपला माल लोक कशासाठी वापरतात, जे आपल्या पाकिटावर लिहिलेलं नाही?

शेवटच्या प्रश्नावर जरा थांबतो. एशियन पेंट्सने ग्रामीण भागात पाय रोवले त्या काळात रंगाच्या लहान डब्यांना पोळ्याने हात दिला. बैलांची शिंगं रंगवायला शेतकऱ्याला मोठा डबा नको असतो, दोन जोड्यांपुरता रंग हवा असतो. घराच्या भिंती रंगवण्याचा हिशेब करत बसलेल्या माणसाला ही मागणी दिसणार नाही. श्रावणातल्या अमावास्येच्या आधी गावातल्या दुकानात उभा असलेल्याला ती लगेच दिसते.

"नाही" मागचे शब्द का विचारायचे, ते किर्लोस्करांच्या नांगरावरून कळतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली. आता कल्पना करा, त्या वेळच्या एखाद्या सेल्समनने ऑफिसात फक्त "गिऱ्हाईक नाही म्हणतंय" एवढंच कळवलं असतं तर? साहेबाने किंमत कमी केली असती. पण जमीन बिघडेल ही भीती किंमत उतरवून जात नाही. ती शेतात नांगर चालवून, पुढच्या पिकापर्यंत वाट बघूनच जाते. नकाराचं कारण चुकीचं कळलं की प्रयोगही चुकीचाच होतो.

हे प्रश्न महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विचारा. वीस तारखेनंतर कुणाचंही डोकं क्लोजिंगच्या, म्हणजे महिनाअखेरीचं टार्गेट गाठण्याच्या, बाहेर नसतं, आणि तेव्हा नवं काही विचारणं हा माणसांवर अन्याय आहे.

पायरी ३: चार ओळींची चिठ्ठी आणि सात दिवसांत उत्तर

सुचलेलं लिहून घ्या. मोठा फॉर्म नको. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार ओळी पुरतात: काय अडतंय, काय करून बघायचं, कुठे, आणि किती दिवस. ज्याला लिहायचा कंटाळा आहे त्याने व्हॉट्सॲपवर अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवावा आणि तुम्ही ते कागदावर उतरवावं.

मग सात दिवसांत उत्तर. उत्तरं तीनच प्रकारची असतात. "करून बघू, अमुक तारखेपासून." "आत्ता नाही, कारण अमुक." "हे लातूरचा आपला माणूस आधीच करतोय, त्याचा नंबर घे आणि बोल." चौथं उत्तर, म्हणजे "बघू", हे या पद्धतीत चालत नाही. "बघू" म्हणजे नाही, हे खालच्या प्रत्येकाला माहीत असतं.

टोयोटाने कामगारांकडून सूचना घेण्याची पद्धत १९५१ मध्ये सुरू केली आणि ती टिकली. सूचनापेटी लावणाऱ्या कंपन्या आपल्याकडेही कमी नाहीत. पण किती ठिकाणी त्या पेटीची किल्ली हरवलेली असते, ते तुम्हीच आठवून बघा. पेटी टाकल्याने फारसं काही होत नाही. आतल्या चिठ्ठीला उत्तर आलं तरच दुसरी चिठ्ठी पडते.

नकार देताना कारण खरं द्या. "कंपनीची पॉलिसी नाही" हे कारण नाही. "पुडीचा आकार बदलायला कारखान्यात मशिन बदलावं लागतं, तेवढं व्हॉल्यूम आपल्याकडे नाही" हे कारण आहे. खरं कारण मिळालेला माणूस पुढच्या वेळी जास्त शहाणी सूचना आणतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पायरी ४: टार्गेटमधून जागा काढा

बहुतेक ठिकाणी गाडं इथेच अडतं, म्हणून या पायरीवर मी जास्त वेळ घालवणार आहे.

सेल्समनच्या जागी बसून बघा. त्याचा इन्सेन्टिव्ह स्लॅबवर असतो. पंच्याण्णव टक्क्यांच्या आत राहिला तर शून्य, शंभर गाठले तर पूर्ण. त्या पैशांवर मोटारसायकलचा हप्ता चाललेला असतो. आता तुम्ही त्याला म्हणता, "तुझी एक बीट वेगळ्या पद्धतीने कर, जमलं तर छान." नाही जमलं तर? एका बीटची घसरण अख्खा स्लॅब घालवते. मग कोणता शहाणा माणूस प्रयोग करेल? तो मान डोलावेल, पंधरा दिवसांनी "मार्केटमध्ये रिस्पॉन्स नाही साहेब" म्हणेल, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.

म्हणून पैसा आधी सुरक्षित करायचा. पद्धत साधी आहे. प्रयोगाच्या बीटसाठी मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढा, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची विक्री बघा, आणि दोन्हीतला मोठा आकडा त्याच्या खात्यात झालेली विक्री म्हणून धरा. विक्री त्यापेक्षा जास्त झाली तर जास्तीचं त्याचंच. कमी झाली तर इन्सेन्टिव्हला धक्का नाही. हे तोंडी सांगू नका. ईमेलवर लिहा आणि इन्सेन्टिव्हचं शीट करणाऱ्याला त्यात घ्या, नाहीतर महिनाअखेरीस शीट आपलं जुन्या सूत्राने निघतं आणि तुमचा शब्द पडतो. एकदा शब्द पडला की त्या टीममध्ये पुन्हा प्रयोग होत नाही.

आता तुमच्या वरच्या साहेबांना हे कसं पटवायचं? आकड्यांनी. समजा तुमच्याकडे १२ सेल्समन आहेत आणि प्रत्येकाच्या ६ बीट. एकूण ७२. त्यातल्या फक्त २ बीट प्रयोगासाठी काढल्या, तर ते तुमच्या कामाच्या तीन टक्क्यांच्या आत आहे. दोन्ही बीटची विक्री निम्मी झाली, असं वाईटात वाईट धरलं तरी एकूण विक्रीला दीड टक्क्याच्या आतच फटका बसतो. एखादा डिस्ट्रिब्युटर लग्नाला गावी गेला तरी महिन्यात याहून मोठा खड्डा पडतो. मी रीजनल मॅनेजरसमोर हाच हिशेब मांडला होता. "प्रयोग करू द्या" म्हटलं असतं तर नाही आलं असतं. "७२ पैकी २ बीट, सहा आठवडे" म्हटल्यावर सही मिळाली.

जागा आणखी एका ठिकाणी काढावी लागते, आणि ती हल्ली विसरली जाते. बीट प्लॅन आता ॲपमध्ये असतो. दुकानाचं लोकेशन टॅग केलेलं असतं, बुधवारची बीट शुक्रवारी केली तर ॲप त्याला प्लॅनबाहेरची भेट म्हणतं आणि संध्याकाळी वरून फोन येतो, "आज तुझे कॉल, दुकानांच्या भेटी, कमी का?" प्रयोग करणारा माणूस ॲपच्या हिशेबात कामचुकार दिसतो. माझ्या एका प्रयोगाचा बळी असाच गेला. पाच दिवस रोज संध्याकाळी खुलासा देऊन तो मुलगा कंटाळला आणि निमूटपणे जुन्या बीटवर परतला, आणि मला ते तिसऱ्या आठवड्यात कळलं. प्रयोग सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ॲपमधली बीट बदलून घ्या. बदलता येत नसेल तर रोजचा रिपोर्ट बघणाऱ्या माणसाला त्या सेल्समनचं नाव कळवून ठेवा.

पायरी ५: सुरू करण्याआधी कागद करा

प्रयोगाआधी अर्ध्या पानाचा कागद लिहायचा. त्यात काय बदलतोय ते एका वाक्यात, कुठल्या बीटवर, किती आठवडे, काय मोजणार, आणि कोणत्या आकड्यावर थांबणार. थांबण्याचा आकडा आधीच लिहिलेला हवा. नंतर लिहायला बसलो की ज्याने प्रयोग सुचवला तो "अजून दोन आठवडे द्या" म्हणतो आणि ज्याला तो आवडला नव्हता तो "मी म्हटलंच होतं" म्हणतो.

मोजताना या गोष्टी सांभाळा:

सेकंडरी (डिस्ट्रिब्युटरकडून दुकानाला झालेली विक्री) मोजा, प्रायमरी (कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरला झालेली) नाही. डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये माल भरला म्हणजे प्रयोग यशस्वी झाला असं होत नाही. दुकानातून दुसऱ्यांदा ऑर्डर आली का, हा खरा निकष. पहिली ऑर्डर ओळखीवर, आग्रहावर किंवा स्कीमवर होते.

तशीच एक दुसरी बीट शेजारी ठेवा जिथे काहीही बदललेलं नाही. दिवाळीत सगळीकडेच विक्री वाढते. त्या वाढीचं श्रेय प्रयोगाला देऊन मोकळं व्हायला माणूस टपलेला असतो. ऊसतोडीच्या बीटच्या वेळी आम्ही शेजारच्या कारखान्याच्या भागातली, जवळपास तेवढ्याच दुकानांची बीट बुधवारीच ठेवली होती. शुक्रवारच्या बीटवर लडींचा खप वाढला, रविवारी फळी रिकामी राहणं थांबलं. शेजारी तसं काही झालं नाही. एवढ्याने आमचं समाधान झालं.

परतावा मोजा. तीन महिन्यांनी एक्स्पायरी आणि डॅमेजचा माल किती परत आला ते बघितल्याशिवाय निकाल लावू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला. बीटचा वारही बदलला, स्कीमही दिली आणि नवी लडही आणली, तर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि प्रयोगाचा पहिला निकाल म्हणजे शेवट समजू नका. त्यातून पुढची अट सुचली पाहिजे. चिक शाम्पूची गोष्ट विक्रीतल्या प्रत्येकाने अभ्यासावी अशी आहे. सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये तामिळनाडूतल्या कडलूरमध्ये पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर हा शाम्पू पुड्यांमध्ये काढला. त्यांनी एक योजना आणली: कोणत्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणा, चिकची एक पुडी फुकट न्या. लोक पुड्या गोळा करायला लागले आणि शाम्पू घरोघरी पोचला. मग त्यांनी अट बदलली, फक्त चिकच्याच रिकाम्या पुड्या चालतील. पहिल्या अटीने लोकांच्या हातात वस्तू गेली, दुसरीने ती पुन्हा विकत घ्यायला लावली. दोन्ही अटी पहिल्याच दिवशी उलट्या क्रमाने लावल्या असत्या तर? चिकच्या पाच रिकाम्या पुड्या कुणाच्या घरात होत्या?

पायरी ६: डिस्ट्रिब्युटरच्या खिशाला हात लावण्याआधी त्याच्याशी बोला

फिल्डमधला जवळजवळ प्रत्येक नवा प्रयोग डिस्ट्रिब्युटरच्या खर्चात पडतो. बीटचा वार बदलला की त्याचा छोटा हत्ती त्या दिवशी दुसरीकडे गेलेला असतो. नव्या दुकानांना माल दिला की उधारी त्याची अडकते. लहान लडी वाढवल्या की पेट्या फोडून माल लावायला त्याचा एक पोरगा जास्तीचा लागतो. आपण मीटिंगमध्ये टाळ्या घेतो आणि शेठ आपला मनातल्या मनात हिशेब करत असतो.

माझा नियम असा की प्रयोगाचा कागद करताना डिस्ट्रिब्युटर समोर बसलेला हवा आणि त्याला एकच विचारायचं: "शेठ, यात तुमचं नुकसान कुठे आहे?" तो लगेच सांगतो, फार नेमकं सांगतो. डिझेलचा फरक असेल तर तो कंपनीकडून मंजूर करून घ्या आणि मुख्य म्हणजे क्लेम, कंपनीकडून त्याला परत मिळायचे पैसे, वेळेवर द्या. मागच्या दिवाळीचे क्लेम अडकलेल्या डिस्ट्रिब्युटरकडे नवा प्रयोग घेऊन जाऊ नका. आधी ते पैसे सोडवा. हे काम कंटाळवाणं आहे, अकाउंट्सच्या मागे लागावं लागतं, पण मी त्याला प्रयोगाचाच भाग मानतो.

इथेच एक इशाराही देतो. काही "युक्त्या" नव्या नसतात आणि युक्त्याही नसतात. स्कीम बसावी म्हणून एका दुकानाची तीन बिलं फाडणं, दुकानदाराची स्कीम मधेच गिळणं, दुसऱ्याच्या हद्दीत कमी रेटने माल सोडणं, महिनाअखेरीस बोगस बिल करून पुढच्या महिन्यात माल परत घेणं. प्रयोगाला मोकळीक मिळाल्यावर अशा गोष्टी त्या दाराने आत येतात. त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट नाही म्हणा, आणि कोण करतंय हे बघून नियम बदलू नका.

पायरी ७: नाव ज्याचं त्याचं

हे मी चुकून शिकलो, आणि त्या चुकीची भरपाई मला करता आली नाही.

बरीच वर्षं झाली. आमच्या एका वयस्क सेल्समनने सुचवलं होतं की आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानांत ऑर्डर मागायला जाऊ नये, कारण त्या दिवशी शेठला मान वर करायला वेळ नसतो. त्याऐवजी आदल्या दिवशी ऑर्डर घ्यावी आणि बाजाराच्या दिवशी सकाळी सहाला, दुकान उघडता उघडता माल पोचवावा. आम्ही केलं, छान चाललं. रीजनच्या मीटिंगमध्ये मी ते मांडलं. मी "आम्ही" असं म्हणत होतो. पुढच्या पत्रकात ते माझ्या नावाने छापून आलं. मी ते दुरुस्त करायला सांगितलं नाही. पत्रक त्याच्यापर्यंत पोचलं. तो काहीच बोलला नाही, कामातही कसूर केली नाही. फक्त त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्याने मला एकही गोष्ट सुचवली नाही.

तेव्हापासून पद्धत अशी: वर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर सुचवणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत, त्याच्या बीटच्या नावासह. शक्य असेल तर तो स्वतः मांडतो. मराठीत मांडतो. रीजनच्या मीटिंगला इंग्रजी-हिंदीची सक्ती असेल तर दुभाष्याचं काम तुम्ही करा. चाळीस काउंटरवर बोलणारा माणूस स्लाइडसमोर गप्प होतो, त्याचं कारण बहुतेक वेळा भाषा असते, मुद्द्याची कमतरता नसते.

बक्षीस द्यावं का? द्यावं, पण सूचनांच्या संख्येवर नको. महिन्याला तीन सूचना सक्तीच्या केल्या की तीन सूचना येतात आणि तिन्ही टाकाऊ असतात. प्रयोग पूर्ण करून आकडे प्रामाणिकपणे आणणाऱ्याला द्या, मग निकाल काहीही असो. फसलेल्या प्रयोगाला पहिलं बक्षीस दिलं, त्या महिन्यापासून आमच्या चिठ्ठ्या वाढल्या.

पायरी ८: पसरवताना सर्क्युलर काढू नका

एका बीटवर जमलेली गोष्ट सगळ्या जिल्ह्यावर लादायची घाई वरूनच होते. शुक्रवारची बीट चालली ती शनिवारी खर्ची मिळते म्हणून. दुसऱ्या कारखान्यावर खर्ची वेगळ्या वारी मिळत असेल तर शुक्रवारचा आदेश तिथे निरुपयोगी. पसरवायचं ते "माल हातात पैसा येण्याच्या आदल्या दिवशी पोचवा" हे सूत्र. वार ज्याने त्याने आपल्या बीटवर शोधायचा.

हिंदुस्तान लिव्हरने गावातल्या महिला बचत गटांमार्फत विक्रीची शक्ती योजना २००० च्या सुमारास नलगोंडा जिल्ह्यात, आजच्या तेलंगणात, थोड्या गावांपासून सुरू केली आणि नंतर राज्याराज्यांत नेली. एवढी मोठी कंपनीही एका जिल्ह्यापासून सुरू करते, हे वरच्या साहेबांना सांगायला उपयोगी पडतं.

शिकवायला सुचवणाऱ्यालाच पाठवा. तो दोन दिवस दुसऱ्या सेल्समनच्या बीटवर जाईल, दोघं एका मोटारसायकलवर फिरतील. दुसऱ्याने त्यात आपला बदल केला तर करू द्या. त्या दोन दिवसांचा भत्ता आणि त्याच्या बीटची विक्री, दोन्ही पायरी ४ प्रमाणे सुरक्षित ठेवा.

पायरी ९: बंद केलेल्या प्रयोगांची वही

जे चाललं ते सगळ्यांना आठवतं. जे फसलं त्याची नोंद कुणी ठेवत नाही, आणि तीन वर्षांनी नवा मॅनेजर तेच पुन्हा करतो. म्हणून एक वही ठेवा, डेपोत, सगळ्यांना दिसेल अशी. प्रयोग, बीट, तारखा, निकाल, आणि का बंद केला. महिना आणि हवामानसुद्धा लिहा.

फसण्याचं कारण शोधताना एक प्रश्न कायम विचारा: कल्पना फसली की पद्धत? पोस्ट-इटच्या चिकट कागदांची विक्री थ्रीएमने १९७७ मध्ये चार शहरांत करून बघितली आणि ती फसली. लोकांना ही वस्तू काय आहे तेच कळेना. पुढच्या वर्षी आयडाहो राज्यातल्या बॉईसी शहरात त्यांनी ऑफिसांमध्ये नमुने फुकट वाटले, आणि वापरून बघितलेल्या दहांपैकी नऊहून अधिक लोकांनी विकत घेऊ म्हणून सांगितलं. १९८० मध्ये ती देशभर आली. वस्तू तीच होती.

आमच्या वहीत एक नोंद आहे: "दुपारी २ ते ४ ऑर्डर घेणे. करमाळा. एप्रिल. बंद. दुकानं उघडी नसतात." कल्पना अशी होती की सकाळी गर्दीत शेठ लक्ष देत नाही, दुपारी निवांत असतो. सोलापूरच्या उन्हात दुपारी शटर खाली असतात, हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. पहिल्या आठवड्यातच थांबलो. गेल्या वर्षी नव्याने लागलेला एक मुलगा डेपोत बिलं होण्याची वाट बघत ती वही चाळत होता. त्या पानावर त्याने बोट ठेवलं आणि विचारलं, "साहेब, हे श्रावणात केलं होतं का कुणी?"

त्याला चिठ्ठी लिहायला सांगितली. सहा आठवड्यांसाठी जेऊरची बीट दिली.